द्यूताचा आठवडा

सोलापूर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रात्री नऊनंतर मी फोन का उचलत नाही, असं तू परवा विचारलंस. महाभारत चाललंय आमच्याकडं. बी. आर. चोप्रांचं, तेच, आपलं रविवारी सकाळी नऊचं. मनूनं फोन टीव्हीला जोडून दिलाय, जेवणं झाली की रोज एक भाग. सासूबाईही बसतात. हा आठवडा इंद्रप्रस्थापासून सुरू होऊन वनवासाच्या उंबरठ्यापर्यंत आला, आणि माझ्या डोक्यात इतकं काही साठलंय की फोनवर ते मावणार नाही.

ते सुरू झालं १९८८च्या गांधी जयंतीला, संपलं जून १९९०मध्ये. म्हणजे मी दुसरीत होते. साखर पेठेतल्या आपल्या त्या खोलीत निम्मा वाडा जमायचा. शेजारचे माग तेवढ्यापुरते थांबायचे, आणि पद्मशाली अक्का विड्यांचं सूप मांडीवर घेऊनच बसायची. तिला हिंदी येत नव्हतं. तू मराठीत सांगायचीस, ती तिच्या सुनेला तेलुगूत सांगायची. द्रौपदीची साडी संपेना तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा, ही कुठल्या मिलमध्ये विणली? तुम्ही हसला नव्हता. म्हणाला होता, "अशी विणणारा माग आपल्याकडं अजून आला नाही."

आता या आठवड्याबद्दल. शिशुपालवधात माझं मन रमलं नाही. चक्र फिरतं, मान उडते, मनूला मजा वाटली, एवढंच. मयसभेचा मात्र रागच आला. दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी हसून ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ असं म्हणते. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघ, हिच्या जिभेनं झालं सगळं." व्यासांच्या महाभारतात तिच्या तोंडी हे वाक्य नाही, ते मागाहून चिकटलेलं आहे. बाबा, तुम्ही सकाळी भांडारकर संस्थेवरून फिरायला जाता ना, तिथंच १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून पंडितांनी शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्यातही ते नाही. एवढ्या मोठ्या मालिकेनं ते घ्यायला नको होतं. त्या एका वाक्यानं पुढच्या सगळ्या अन्यायाचं निम्मं ओझं बाईच्या माथी जातं, आणि घराघरांत आजही तसंच बोललं जातं.

पण द्यूताचे भाग! त्यांच्यापुढं मी हात जोडते. शकुनी झालेले गुफी पेंटल फासे तळहातात घोळवतात तेव्हा घरात कुणी पाणी प्यायलाही उठत नाही. घाई कुठंही नाही. रत्नं, राज्य, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग युधिष्ठिर स्वतः, आणि शेवटी ती. दर डावाला वाटतं, आता उठेल, आता थांबेल. मनू तर ओरडलीच, "अहो, उठा की तिथनं!"

आणि मग द्रौपदी झालेली रूपा गांगुली. लोकांना वस्त्रहरण आठवतं. मला या वेळी त्याच्या आधीचं दिसलं. बोलावणं घेऊन आलेल्या माणसाला ती परत पाठवते. सांगते, जा, सभेत विचारून ये, त्यांनी आधी स्वतःला हरलं की मला? जो स्वतःच दास झाला, त्याची मालकी उरली कशावर? रडणं नाही, दयेची याचना नाही, सरळ मुद्द्याला हात. पुढं केसाला धरून आणल्यावरही ती तोच प्रश्न धरून राहते आणि एकेका वडीलधाऱ्याकडं बघून विचारते. कृष्ण धावून येतो तो भाग डोळे भरून आणतो, खोटं नाही. पण चिकित्सक आवृत्तीत कृष्णाचा धावा मूळ पाठात घेतलेला नाही, वस्त्रं आपोआप येत राहतात. मला ते जास्त पटतं. प्रश्न तिचा, लढाईही तिचीच.

महाभारतावरच्या ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्व्यांनी म्हटलंय की तिनं तिथं विदुषीसारखा धर्माचा वाद घालायला नको होता. बाबा, तुम्हीही तेच म्हणता, हे मला ठाऊक आहे. इरावतीबाईंबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून मी म्हणते, तिनं दुसरं करायचं तरी काय होतं? रडली असती तर सभेनं हळहळून मान वळवली असती. प्रश्न विचारला म्हणून ती सभा उघडी पडली.

मला हे इतकं खात्रीनं का वाटतं, त्याचं कारण आई आहे. आई, तुला आठवतं का, अक्काबरोबर तू विडी कारखान्यात गेली होतीस? मीही होते, तुझा पदर धरून. तपासनीसानं तिच्या विड्यांतून मूठ मूठ छाट काढून बाजूला टाकली. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाटलेल्या विड्याही परत नाहीत. रांगेत इतक्या बाया, बाजूला पुरुष, सगळे खाली बघत उभे. तू एवढंच विचारलंस, "खराब आहेत ना? मग तिच्या तिला परत द्या की. ठेवून का घेता?" तो माणूस वहीत बघत राहिला. उत्तर नव्हतंच त्याच्याकडं. अक्काला त्या दिवशी पूर्ण पैसे काही मिळाले नाहीत. पण त्याची ती खाली गेलेली नजर मी विसरलेली नाही, आणि या आठवड्यात भीष्मांची मान खाली गेली तेव्हा मला थेट तो कारखाना दिसला.

बाबा, भीष्मांवरून आपलं जुनं भांडण आहे. मुकेश खन्नांचं काम उत्तम, त्यांची तडफड खरी वाटते. तुम्ही म्हणता, प्रतिज्ञेनं बांधलेला माणूस, तो काय करणार. पण लग्न करणार नाही आणि गादीवर बसणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. बोलणार नाही, ही कधी केली होती? दासीपुत्र म्हणून हिणवला जाणारा विदुर बोलला. दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उभा राहिला, कर्णानं त्याला पोर म्हणून गप्प केलं तरी जे बोलायचं ते बोलून झालं होतं. आणि ज्याच्या एका शब्दानं सभा थांबली असती, तो म्हणतो, धर्माची गती सूक्ष्म आहे. मला हे सहन होत नाही.

शेवटच्या वरांचा प्रसंगही बघाच पुन्हा. व्यासांच्या कथेत धृतराष्ट्र वर माग म्हणतो तेव्हा ती पहिल्या वरात युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्यात बाकी चौघांना रथ-शस्त्रांसह, आणि तिसरा नाकारते. स्वतःसाठी काही मागत नाही. म्हणजे पाचही जण तिच्यामुळं सुटले. तरी वाटेतूनच परत फिरून पुन्हा खेळायला जायचं ते गेलेच, आणि बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास पदरात पडला. मनूनं विचारलं, "दुसऱ्यांदा तिला कुणी विचारलं का, जाऊ की नको?" मला उत्तर देता आलं नाही.

बाकी इकडं ठीक. पाणी अजून चार-पाच दिवसांआडच येतं, त्यामुळं एक भाग मध्येच थांबवून भांडी भरावी लागली. शेंगा चटणी आणि कडक भाकरी दादा येईल त्याच्याबरोबर देते. आई, चटणीत तिखट या वेळी कमी घातलंय, तुझ्या पोटाला सोसेल.

बाबा, भीष्मांबद्दल तुमचं म्हणणं मला लिहून पाठवा. फोनवर नको, फोनवर तुम्ही दोन मिनिटांत आईच्या हातात देता. आणि आई, तू वेगळं पान लिही, त्यांच्या पत्राखाली दोन ओळी नकोत.

तुमची,
ताई