आमचा अणू वेगळा, त्यांचा अणु वेगळा

माननीय संपादक साहेब, स.न.वि.वि.

सीमाप्रश्नावरची पत्रं तुमच्याकडं ढिगानं येत असतील, हे त्यातलं नाही, आधीच सांगतो. हे केमिस्ट्रीचं आहे.

माझी भाची खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मार्क पण चांगले, आता फर्स्ट पीयूसी (म्हणजे अकरावी) सायन्सला आमच्याकडं बेळगावात राहते. परवा युनिट टेस्टचा पेपर घेऊन आली आणि जेवायलाच बसेना. काय झालं गं म्हटलं, तर म्हणते, मामा, मला सगळं येत होतं की ओ. बघितला पेपर. ॲटॉमिक स्ट्रक्चर आणि बाँडिंग, दोनच धडे. एक प्रश्न होता, कार्बन डायऑक्साईडमधले बाँड पोलर आहेत (म्हणजे इलेक्ट्रॉनची ओढ एका बाजूला जास्त) तरी मॉलिक्युल नॉनपोलर का. पोरीनं आकृती झकास काढलेली, मधे कार्बन, दोन बाजूला दोन ऑक्सिजन, सगळे एका सरळ रेषेत, दोन बाण उलट दिशांना, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखीच म्हणून शेवटी बाकी शून्य, एवढं सगळं तिला कळलेलं आणि खाली लिहिलंय काय तर म्हणून ॲटम नॉनपोलर आहे. ॲटम! लाल पेनाची फुली.

आता हे कुठनं आलं? सर इंग्लिशमधून शिकवतात आणि पोरांना समजावं म्हणून मधेमधे कन्नडात सांगतात, चांगलंच करतात, त्यांची काही चूक नाही. पण कन्नडात ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्युल म्हणजे अणु. आपल्यात ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्युल म्हणजे रेणू. सर वर्गात ‘अणु’ म्हणाले की कन्नड मीडियमच्या पोरांना मॉलिक्युल ऐकू येतो आणि आमच्या पोरांना ॲटम, आणि सगळीच मान खाली घालून वहीत लिहून घेतात, विचारायचं कुणी. मी पण याच वाटेनं गेलोय साहेब, पीयूसीत वर्षभर मला वाटायचं आपलं डोकंच कमी आहे.

मग रात्री दोघं बसलो आणि वहीत तीन रकाने पाडले, मराठी, इंग्लिश, कन्नड. (मी एकशेवीस पानी वही आणलेली, भाचीनं हिशोब करून सांगितलं की चाळीस पानं पुरेत.) गंमत म्हणजे काही शब्द उलट मदतीला येतात. कार्बनला कन्नडात ‘इंगाल’ म्हणतात, आता ज्यानं चुलीतला इंगळ बघितलाय त्याला हे पाठ करावं लागेल का? घोळ होतो तो ऑर्बिट आणि ऑर्बिटलमध्ये. इंग्लिशमध्ये शेवटी एक ‘ल’ जास्त, बाकी सारखंच दिसतंय. मराठीत कक्षा आणि कक्षक म्हटलं की निदान थांबून विचार करता येतो, की कक्षा ही बोर या शास्त्रज्ञानं १९१३ साली सांगितलेली इलेक्ट्रॉनची ठरलेली गोल वाट आणि कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथं जास्त तो भाग. हे न कळता बाजारातल्या ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन’च्या झेरॉक्स घोकायच्या, इलेक्ट्रॉनची मांडणी म्हणजे क्रोमिअम थ्री डी फाईव्ह फोर एस वन, कॉपर थ्री डी टेन फोर एस वन, बस झालं. का, ते विचारलं की गप्प. रेणूतल्या दोन बाँडमधला कोन, पाण्याचा १०४.५ अंश, अमोनियाचा १०७, मिथेनचा १०९.५ हे आकडे पोरांना तोंडपाठ असतात, पण पाण्यात ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या जोड्या बाँडच्या जोड्यांना जास्त दाबतात, अमोनियात तशी एकच जोडी आणि मिथेनमध्ये एकही नाही, हे एकदा आपल्या भाषेत कानावर पडलं की आकडा विसरला तरी क्रम चुकत नाही.

म्हणून विनंती एवढीच की पीयूसी सुरू झालं की पहिले दोन महिने आठवड्यातनं एकदा अर्धा कॉलम द्या, धड्याप्रमाणं वीस-पंचवीस शब्द, तिन्ही भाषांत, फिजिक्स-बायोलॉजीचे पण. कॉलेजांनी पहिल्या आठवड्यात एक तास यासाठी काढला तर फारच बरं, पण त्याची वाट बघत बसलं तर दिवाळी येईल. आमच्या वहीत या दोन धड्यांचे शब्द लिहून तयार आहेत, एका कन्नड शिक्षकांकडून तपासून पण घेतलेत. तुम्ही हो म्हणालात तर झेरॉक्स काढून ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव