तळमजल्यावरील कोंबड्याबाबत स्मरणपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : ब इमारतीच्या परसातील कोंबडा हलविण्याबाबत

महोदय,

ब इमारतीच्या तळमजल्यावरील सदस्यांनी परसात पाळलेल्या कोंबड्यांविषयी मी पूर्वीच लेखी तक्रार दिली असून, "पाळीव प्राणी म्हटले की थोडा आवाज व्हायचाच" एवढेच तोंडी उत्तर सचिवांकडून मिळाले आहे. कोंबड्या पाळण्यास माझी हरकत नाही, हे प्रथम नोंदवतो. हरकत आहे ती त्यांतील एकमेव नराला, जो पहाटे चारच्या सुमारास आरवू लागतो आणि उन्हे वर आली तरी थांबत नाही.

कोंबडा काढला तर अंडी कशी मिळणार, असा संबंधित सदस्यांचा प्रश्न आहे आणि समितीनेही तो ग्राह्य धरलेला दिसतो. वस्तुतः तलंग (म्हणजे तरुण कोंबडी) पाच-सहा महिन्यांची झाली की कोंबड्याविना अंडी घालू लागते; कोंबडा लागतो तो अंडी उबवून २१ दिवसांनी पिल्ले काढायची असतील तरच. दुकानातून आपण आणतो ती अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. माझ्या आजोळी खुराडे होते, त्यामुळे हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी समजतो.

कोंबड्या पाळणारे तळमजल्यावरील गृहस्थ या बाबतीत नवखे आहेत, हे मान्य. एक कोंबडी खुडूक होऊन (म्हणजे अंडी उबवण्याच्या ओढीने बसून) जागची हलेना, तेव्हा ती आजारी आहे का, असे त्यांनी मला जिन्यात विचारले आणि मीही सौजन्याने सर्व समजावून सांगितले. मात्र थंडीत अंडी कमी झाल्यावर, कोंबड्यांना दिवसाकाठी चौदा तास तरी उजेड हवा असे कोणीतरी सांगितले (ते खरेही आहे) म्हणून त्यांनी खुराड्यावर असा प्रखर दिवा लावला की माझ्या शयनगृहात रात्री वर्तमानपत्र वाचता येते. खाली अंथरलेला भुसा ओला होऊनही बदलला जात नाही, त्यामुळे दुर्गंधी येते. मक्याचा भरडा रात्रभर उघडा राहतो, त्यावर उंदीर येतात. मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची) लस दिली का, या प्रश्नावर ते नुसते हसले. मला भीती पसरवायची नाही, पण २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात बर्ड फ्लूमुळे काय झाले, ते समितीने आठवावे.

इतर सभासदांना त्रास होईल असे वर्तन उपविधींना मान्य नाही आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आहे. कोंबड्यास नियम वाचता येत नाहीत, हा सचिवांचा विनोद मी ऐकला आहे. त्याच संभाषणात त्यांनी माझ्या जिन्यातील कुंड्यांचा विषय काढला, ज्याचा येथे काहीही संबंध नाही. आमच्या मजल्यावरील सर्वांचे मत माझ्याप्रमाणेच आहे. केवळ शेजारधर्म म्हणून ते सही करत नाहीत.

तरी कोंबडा आठ दिवसांत अन्यत्र हलविण्याची लेखी सूचना द्यावी. कोंबड्या राहोत, अंडीही मिळोत. हे शक्य नसल्यास संपूर्ण खुराडे अ इमारतीमागील मोकळ्या जागेत, म्हणजे आपल्या खिडकीखाली, हलविण्यास माझी संमती या पत्राद्वारे देत आहे.

आपला विश्वासू,
सदनिकाधारक, ब इमारत, पहिला मजला