फुटक्या कपबश्या टाकू नका, आम्हाला द्या : वाचनालयाच्या वरच्या मजल्यासाठी आवाहन

नमस्कार मंडळी, नारायण पेठेतल्या आपल्या वाचनालयाच्या समितीकडून लिहितोय, जरा लांबलंय पण वाचा.

वरची अभ्यासिका तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलीय, काहींनी तर तिथंच बसून परीक्षा काढल्यात. आत्ता साठेक पोरंपोरी बसतात, बहुतेक बीड, नांदेड, सोलापूरकडची, एमपीएससीवाली. एप्रिलात दुपारी दोननंतर वर जाऊन बघा, हॉल रिकामा आणि सगळे जिन्यात. वळणाच्या खालच्या पायऱ्या गार असतात म्हणून सकाळीच तिथं रुमाल टाकून जागा धरलेली असते, एसटीत धरतात तशी. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी पायरीवर बसून मांडीवर पॅड घेऊन उत्तरं लिहीत होती, मनगटाखाली पंचाची घडी, घामाने कागद ओला होऊ नये म्हणून.

खालचा मजला जुन्या वाड्याचा आहे, दगड-चुन्याच्या हातभर जाड भिंती, मधे चौक, मागे आड. वरचा मजला नंतर कधीतरी चढवला, त्याला साडेचार इंची भिंत, वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला मोठमोठ्या काचा, तेव्हा कोणाला तरी ते मॉडर्न वाटलं असणार. आता पुण्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो, म्हणजे उन्हाचा सगळा मार आधी छतावर आणि दुपार कलली की पश्चिमेच्या काचांवर. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी तीच उष्णता खाली सोडत बसतो, रात्री नऊलासुद्धा पंख्याखाली गरम वाराच.

एका सद्गृहस्थांनी चार एसी देऊ केले होते. आम्ही नको म्हणालो, त्यावरून समितीत दोन मीटिंगा भांडण झालं, एकजण अजून आमच्याशी बोलत नाहीत. पण तापलेल्या स्लॅबखाली एसी चालवायचा तर दर महिन्याचं वीजबिल कोण भरणार, ते शेवटी फीमध्येच येणार आणि ज्यांना परवडत नाही ती पोरं परत जिन्यात. आगाखान पॅलेसला मे महिन्यात गेलायत का कधी? 1892 ची इमारत, भोवती रुंद व्हरांडा, ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. आपल्याला तेवढंच करायचंय, आपल्या ऐपतीत.

तर सगळ्यात आधी छत. गळतंय तिथला कोबा उकरून नवा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा) करायचा आणि वरून पांढरा चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे आणि कपबश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवायचे. पांढरा चकचकीत पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो, स्लॅब तापतच नाही तेवढा. जुन्या पुण्यातल्या कितीतरी गच्च्यांवर हे दिसतं, नवीन काही नाही. म्हणून कपबश्या. बाराशे स्क्वेअर फुटाला भरपूर तुकडे लागतात हो.

मग पश्चिमेची भिंत. काचा काढून तिथं रॅट ट्रॅप पद्धतीची भिंत घेतोय, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, मधे पोकळी राहते, पोकळीतली हवा उष्णता अडवते आणि विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे खूप केलं. आमचे मिस्त्री ऐकूनच म्हणाले, साहेब विटा अशा उभ्या लावल्या तर भिंत पडंल, मग अंगणात कमरेएवढी सॅम्पल भिंत बांधली, ते त्यावर स्वतः चढून नाचले आणि तयार झाले. भिंत पूर्ण बंद पण करता येत नाही, कारण उन्हाळ्यातला वारा तिकडूनच येतो, त्यामुळे मधे विटांची जाळी, पावसाची झड येऊ नये म्हणून बाहेरून दोन फुटी छज्जा, आणि समोर पूर्वेला उंचावर झडपा, गरम हवा वरून निघून जाईल. उत्तरेच्या खिडक्या मोठ्या करतोय, दिवसा ट्यूब लावायला लागू नये.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या गच्चीवरच त्याचं 78 हजार लिटर होतं, थोडं वाया गेलं तरी साठ हजार कुठं गेलं नाही. ते सगळं आज गटारात जातं आणि मे महिन्यात आपण टँकर बोलावतो! पाइप आणि फिल्टर टाकून ते आडात सोडायचंय. चौदा जुने पंखे 75 वॅटचे आहेत, ते बदलून कमी वीज खाणारे 30 वॅटवाले बीएलडीसी पंखे घ्यायचेत. सोलर पुढच्या वर्षी बघू, आधी वीज लागणारच कमी करू.

कोणी विचारतं पर्यावरणपूरक इमारतीचं ग्रीन सर्टिफिकेट घेणार का. 'गृहा' रेटिंग वगैरे चांगलंच आहे, पण त्या खर्चात आपले सगळे पंखे बदलून होतील, तेव्हा आधी पंखे.

आता मागणं. पैसे तर हवेतच, एका पंख्याचे द्या, एका झडपेचे द्या, जमेल ते. रोख 2000 च्या वर दिलंत तर देणगीवरची आयकराची सूट मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय करा, नव्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर तशीही नाहीच, मग असंच द्या. संगमरवरी पाटी लावणार नाही, आधीच सांगतो, नावं हिशेबाच्या वहीत असतील आणि वही काउंटरवर कोणालाही बघायला मिळेल. तुमचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला असेल तर सागवानी खिडक्या, चौकटी भंगारात देण्याआधी आम्हाला फोटो पाठवा, जुन्या बाजारात दोन रविवार फिरलो, मापात बसणारं एकच दार मिळालं. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोणी ओळखीचं असेल तर त्यांची दोन तास भेट घालून द्या, स्लॅब एकदा तपासून घ्यायचाय. आणि अंगमेहनतीला हात हवेत, पोरांची परीक्षा आहे, त्यांना गोणी उचलायला लावणार नाही.

छताचं काम मृग लागायच्या आत संपवायचंय. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही अंगणात असतो. कपबश्या पांढऱ्याच आणा, स्टीलचे डबे आणि काचेचे ग्लास नकोत, आणि कृपा करून घरी फोडून आणू नका, मागच्या रविवारी पिशवी उचलताना एका काकांच्या बोटाला चांगलं लागलं, इथं गोणपाटाखाली ठेवून हातोडीने फोडतो आम्ही.