लाइपझिगच्या ताईंना, नागपूरच्या आजीकडून

नमस्कार ताई,

तुमचं नाव मला नीट म्हणता येत नाही म्हणून ताईच म्हणते. तुमच्या वरच्या माळ्यावर राहते त्या पोट्टीची मी नागपूरची आजी. ती झोपली की लेक तुम्हाला हे वाचून दाखवणार आहे.

लेक-जावई तिकडे निघाले तेव्हा माझा सगळा भरवसा आमच्या एका नातेवाइकांवर होता. जर्मनीत जुने झालेले, लग्नात भेटले की वडाभात संपेपर्यंत तिथल्याच गोष्टी, 'पाठवा हो पोरांना, आम्ही आहोत नं'. पोरं पोचली अन् यांचं फोन उचलणं बंद. मग मेसेज आला, वीकेंडला बोलू. तो वीकेंड अजून यायचाच आहे बाप्पा.

तुमची तर ओळख ना पाळख. नाव नोंदवायच्या ऑफिसात सोबत गेल्या, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच दुधाची आठवण दिली, रिकामी प्लास्टिकची बाटली परत केली की २५ सेंट मिळतात हेही तुम्हीच सांगितलं. त्या सगळ्यासाठी थँक्यू आहेच, पण मी लिहायला बसली ते त्या कोनासाठी.

तुमच्याकडे पोरं पहिलीत जातात तेव्हा त्यांना खाऊ, रंग, पेन्सिली भरलेला पुठ्ठ्याचा मोठा कोन देतात, शुल्ट्यूटे, २०० वर्षांची पद्धत आहे म्हणे, अन् तो घरच्यांनी द्यायचा असतो. आम्हाला काय माहीत? इथं दप्तर, डबा, वॉटरबॅग घेतली की झालं. मागितल्यावर मदत करणारे भेटतातही, पण जे माहीतच नाही ते माणूस मागणार कसं? तुम्ही आदल्या संध्याकाळी बेल वाजवली, हातात तो कोन, सहा बाजूंचा, पोट्टीच्या गळ्यापर्यंत येईल एवढा, त्यावर वाघ काढलेला, कारण जिन्यात भेटली की ती तुम्हाला ताडोबाचंच सांगते. अन् दिला कोणाला, तर लेकीला, मोठ्या पिशवीत लपवून. पोट्टीला वाटलं पाहिजे की आईनंच आणला.

इथं उन्हाळ्यात पाणपोई लावली तरी माठापेक्षा बॅनर मोठं असतं, अन् तुम्ही स्वतःचं नावच काढून घेतलं.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर शाळेचं अंगण दिसलं, सगळ्या पोरांजवळ कोन, आमच्याही. आपली एकटीच रिकाम्या हातानं उभी राहिली असती हे डोक्यात आलं अन् मी फोन ह्यांच्याकडे देऊन किचनमधे निघून गेली.

आता एक काम सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा तान्हा पोळा असतो, पोरं लाकडाचा बैल सजवून घरोघरी नेतात. इथल्या महाल भागातल्या बाजारातून एक छोटा बैल घेऊन पाठवला आहे, सोबत तुमच्यासाठी संत्रा बर्फी. पोट्टी पहिले तुमच्याच दारी येणार. बैलाची पूजा लेक करेल, तुम्ही फक्त तिच्या हातावर बोजारा ठेवायचा, म्हणजे थोडे पैसे. चॉकलेटवर भागवू नका, ती रुसते.

तुमची,
प्रतापनगरची आजी