गारच खायचा डबा

सेलू

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

दुपारच्या सुट्टीतला निम्मा वेळ मायक्रोवेव्हच्या रांगेत जातो आणि मग अर्धवट कोमट भाजी घाईघाईने गिळावी लागते, असे तू परवा फोनवर म्हणालीस. तुझ्या आईने लगेच गरम राहणारा डबा घेण्याचे सुचवले. माझे मत निराळे आहे. एसटीत वाहक असताना माझा डबा कधी गंगाखेडच्या, तर कधी परळीच्या बसस्थानकावर उघडला जाई आणि तिथे तो गरम करून देणारे कोणी नसे. त्या नोकरीत एवढे मात्र कळले की गरम खायचे जेवण गार करून खाणे ही शिक्षा आहे, पण मुळातच गार खाण्यासाठी केलेले जेवण ही वेगळी गोष्ट आहे. वाळूजला कामावर जाताना तू हा दुसऱ्या प्रकारचा डबा न्यावास, म्हणून हे पत्र. कृती तुझी आई सांगते आहे, मी लिहितो आहे. मते मात्र माझी आहेत.

पहिली गोष्ट भाकरीची. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे तव्यावरून उतरलेली मऊ भाकरी दुपारपर्यंत वाळते आणि मोडताना तिचे तुकडे पडतात. म्हणूनच आपल्याकडे प्रवासाला साधी भाकरी न देता दशमी देत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, चवीपुरते मीठ घालतात आणि भाजताना वरून पाण्याचा हातही फिरवत नाहीत. दुधातल्या स्निग्धपणामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पीठ मात्र ताजे हवे. दुकानातल्या पिशवीतले पीठ किती दिवसांचे असते कोण जाणे. विरी गेलेल्या, म्हणजे जुने होऊन चिकटपणा गमावलेल्या पिठाची दशमी थापतानाच कडेने चिरते. आपली मालदांडी ज्वारी पाठवली आहे, ती पंधरा दिवसांना पुरेल इतकीच दळून आणत जा.

धपाट्यांचे प्रमाण तू विचारले होतेस. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी वाटी कणीक आणि अर्धी वाटी बेसन घ्यावे. त्यात हळद, तीळ, ओवा, मीठ, हिरवी मिरची-लसूण-जिऱ्याचा ठेचा आणि बारीक चिरलेली मेथी घालावी. घरी आपण कांदाही घालतो, पण डब्याच्या धपाट्यात तो घालू नकोस, कारण मिठाने त्याला पाणी सुटते आणि धपाटे ओलसर होऊन लवकर आंबते. ओल्या फडक्यावर पातळ थापून, मध्ये बोटाने भोक पाडून, तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. तूप लावण्याचा मोह टाळावा. ते गार झाल्यावर थिजते आणि टाळूला चिकटते.

आता खरी मेख. बहुतेक डबे बिघडतात ते स्वयंपाकात चूक झाली म्हणून नव्हे, तर गरम असतानाच झाकण लावले म्हणून. वाफ झाकणाला लागते, तिचे पाणी होऊन खाली ठिबकते आणि वरचे धपाटे लगदा होते. तव्यावरून उतरवलेले धपाटे एकावर एक न रचता दुरडीत उभे टेकवून ठेव, पूर्ण निवू दे आणि मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाल. तेवढ्यात तुझी वेणी घालून होते, असे आई सांगते.

चटण्या हा या डब्याचा कणा आहे. शेंगदाणे, जवस आणि कारळे वेगवेगळे भाजून पूर्ण गार झाल्यावरच कुटावेत. गरम असताना मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटून गोळा होतो. गार जेवणाचा वास दबलेला असतो, त्यामुळे चव फिकी लागते. यासाठी लिंबाची फोड जवळ ठेवावी आणि चटणीवर कच्चे तेल जेवायला बसल्यावरच घ्यावे. हिवाळ्यात मेथीचा घोळाणाही नेता येईल, मात्र चिरलेली मेथी आणि दाण्याचे कूट एका डब्यात, मीठ आणि लिंबू दुसऱ्यात. ऐन वेळी कालवलास तरच तो करकरीत लागतो. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, मात्र नेऊ नकोस. गार झाले की मुरमुरे चामट होतात, मग कोणी कितीही आवडीने केलेले असो.

दहीभाताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यात तुला तोच हवासा वाटेल आणि जपायचेही तिथेच आहे. भातात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा दहीभात कधीही करू नये. सकाळी भात शिजला की ताटात पसरून लवकर गार करावा, त्यात गार दूध आणि चमचाभरच दही घालावे, म्हणजे दुपारपर्यंत तो फार आंबट होत नाही. वरून जिरे-मिरचीची फोडणी द्यावी, तीही निवू देऊन. डब्याशेजारी गोठवलेल्या पाण्याची लहान बाटली ठेवावी आणि पोहोचताच डबा तिथल्या फ्रीजमध्ये जावा. असे ओलसर शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक राहू नये. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांपुढे गेला की तासभर ही मर्यादा समज. मोड आलेल्या मटकीच्या कोरड्या उसळीलाही हाच नियम. फ्रीजमध्ये जागा नसेल त्या दिवशी मुकाट्याने दशमी आणि चटणी न्यावी.

सोलापूरकडची कडक भाकरी मिळाली तर टेबलाच्या खणात ठेवून दे. सकाळी उठायला उशीर झाला तर ती चुरून, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेऊन वेळ भागते. चार वाजताच्या भुकेला ज्वारीच्या लाह्या आणि गूळ-शेंगदाणे चांगले. त्या वेळी वडापाव नको.

तीन चटण्यांच्या बरण्या उद्याच्या गाडीने पाठवतो आहे. कारळ्याच्या बरणीचे झाकण सैल आहे, तेव्हा ती आडवी ठेवू नकोस. आधीच्या रिकाम्या बरण्या धुऊन, कोरड्या करून दिवाळीला येताना आण. आई दोनदा विचारून झाली आहे.

तुझे
अण्णा