तपकीर गल्लीतल्या त्या दोघांचे मनापासून आभार

बाबांचे सगळे जुने फोटो ज्या साडेतीन इंची हार्ड डिस्कमधे आहेत तिचा अडॅप्टर गेला, आणि मी घरातला लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला लावून बघणारच होतो. पुण्यात तपकीर गल्लीत एका काउंटरवरच्या काकांनी हात धरून थांबवलं, म्हणाले हिला १२ व्होल्टच पाहिजे, जास्त दिलेस तर आतला बोर्ड जळेल. अँपिअर मात्र जास्त चालतात, दीडच्या जागी २ लावला तरी डिस्क लागेल तेवढाच करंट घेते, हे मला खरंच माहीत नव्हतं. शेजारच्या दादांनी अडॅप्टरची पिन मापून दिली, आतलं भोक २.१ मिमीचं असो की २.५, बाहेरून सेमच दिसतात हो! पिनच्या आतल्या बाजूला प्लस आहे ना तेही मीटरवर बघितलं. डिस्क फिरली, फोटो सगळे आहेत. काका, दादा, खूप खूप थँक्यू.