‘आजीवन मोफत नकाशे’ असलेल्या यंत्राबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कारचे नेव्हिगेशन यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

मोबाईलवर फुकट नकाशा असताना १४,५०० रुपये कशाला घालवता, असे घरच्यांनी विचारले होते. पण पनवेल-पुणे मी आठवड्यातून दोनदा करतो. ऐन घाटात फोन आला की नकाशा झाकला जातो. तुमच्या दुकानातल्या मुलाने तीन यंत्रे दाखवली. त्यातले हे महागडे घेतले ते खोक्यावरच्या दोन ओळींसाठी : ‘आजीवन मोफत नकाशे’ आणि ‘वेगमर्यादा व स्पीड कॅमेऱ्याची पूर्वसूचना’.

द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची मर्यादा २०१९ पासून ताशी १०० किमी आहे. यंत्र ८० धरून अखंड कोकलत होते. शेवटी आवाज कमी केला.

परतताना खंडाळ्याचा बोगदा संपला आणि पडद्यावरचा बाण जुन्या हायवेवर जाऊन बसला. बाई थंडपणे म्हणाली, ‘शक्य असेल तेव्हा यू टर्न घ्या.’ मागे कंटेनर, पुढे उतार! मर्यादा तेव्हाही ८०च दिसत होती. घाटात ती ६० आहे, पाटीही होती, पण माझे लक्ष या गोंधळात. ७४ च्या वेगाला कॅमेऱ्याने टिपले. पूर्वसूचना कसली, साधे ‘टिंग’ही नाही. दोन हजारांचे ई-चलान मी भरले. चूक माझी, ते पैसे तुमच्याकडे मागत नाही.

(तसेही आता या रस्त्यावर दोन कमानींमधला सरासरी वेग मोजतात. तिथे कॅमेऱ्यापुरत्या सूचनेचा उपयोग नाही, हे विकतानाच सांगायला हवे होते.)

नकाशा अद्ययावत करायला गेलो तर ३,२०० रुपये मागितले. हेल्पलाइनवर कळले, ‘आजीवन’ म्हणजे मॉडेलचे आयुष्य, आणि मॉडेल मार्चमध्येच बंद झाले. मला विकले जूनमध्ये! म्हणजे माझ्या हातात आले तेव्हा त्याचे तेरावेही उरकले होते.

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी. नाहीतर १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, खोक्याचा फोटो आणि १०० च्या पाटीसमोर ८० दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो (शेजारी बसलेल्या मुलीने काढलेला) सोबत जोडले आहेत. यंत्र, चार्जर, काचेवरचा स्टँड खोक्यात भरून ठेवलाय. न्यायला माणूस कधी पाठवता ते कळवावे.

आपला ग्राहक,
पनवेल